उजवीकडचा दात

"उद्या गफारला घेऊन येतो," असं पप्पांनी फोनवर सांगितलं तेव्हा क्षमाला वाटलं, एखादी दाढबीढ दुखत असेल. दुसऱ्या दिवशी दोघं धाराशिवला बसस्टँडमागच्या दवाखान्यात आले, गफारचाचा खुर्चीत बसले, त्यांनी तोंड उघडलं, आणि तिनं दिवा आणखी जवळ ओढला.

वरचे पुढचे दात लांब झाल्यासारखे दिसत होते. दात काही लांब होत नसतात. हिरडी मागं सरते आणि मुळं उघडी पडतात. तिनं उजवीकडच्या दाताजवळ बोटानं हलकंच दाबलं तर फटीतून पू आला. दात बोटाबरोबर पुढं-मागं झाला.

"कधीपासून हाय हे, चाचा?"

"हलायलाय तर वरीस झालं. पर ह्या लग्नसराईत जास्तच झालं."

"आन् परवा तामलवाडीच्या वरातीत वाजवता वाजवता थांबला," पप्पा म्हणाले. "म्या ताशा वाजवायलोय आन् ह्याचा सूरच न्हाय. बघतो तर बाजूला तोंड करून रगत थुकायलाय."

क्षमाचे वडील प्रेमानंद बेंबळीच्या बँडमध्ये ताशा वाजवत आणि गफारचाचा क्लॅरिनेट. दोघांनी मिळून बँड उभा केला होता. भीमजयंतीची मिरवणूक असो, उरूस असो, कुणाचं लग्न असो, हे दोघं शेजारीशेजारी चालणार. क्षमा दहावीला तालुक्यात पहिली आली तेव्हा गफारचाचांनी कुणी न सांगता क्लॅरिनेट काढलं होतं आणि तिच्या घरापासून बुद्धविहारापर्यंत वाजवत नेलं होतं. तिला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता ती डेंटल कॉलेजात हिरड्यांच्या आजारांचं पुढचं शिक्षण घेत होती. कॉलेज धाराशिवात हा दवाखाना चालवत होतं आणि तिची नेमणूक इथंच होती.

एक्स-रे आला. तिनं तो पडद्यावर मोठा करून दोघांना दाखवला.

"हे पांढरं दिसतंय ना, ते हाड. दात ह्याच्यात रोवलेला असतो. डावीकडच्या दाताला निम्मं तरी शिल्लक हाय. उजवीकडं बघा, नुसतं टोक धरून उभा हाय तो."

गफारचाचांनी पडद्यावरच्या त्या टोकाकडं बोट केलं. "क्लॅरिनेटची तोंडी ह्याच दातावर टेकती," ते म्हणाले. "वरचा दात टेकायचा, खालचा ओठ मुडपायचा, मंग फुंक. दात गेला तर फुंक कुठं टेकवू?"

साखर वाढलेली, तंबाखूची सवय जुनी, आणि वर वर्षानुवर्षं त्या एका दातावर वाद्याचं वजन. क्षमाला कारणं दिसत होती, पण ती सांगून उपयोग नव्हता. दुसरा कुणी असता तर ती म्हणाली असती, दात काढू, त्या जागी नकली दातांचा पूल बसवू. पण कॉलेजात एक चाचणी सुरू होती, तिच्याच प्रबंधाची. एक जेल होतं. थंड असताना पाण्यासारखं पातळ, सिरिंजनं दात आणि हिरडीच्या फटीत सोडलं की अंगाच्या उबेनं तिथंच घट्ट होणारं. त्यात औषध भरलेलं. ते एकदम न सुटता काही आठवडे थोडं थोडं झिरपत राहतं, जंतू मारतं, आणि गेलेलं हाड पुन्हा धरायला मदत करतं, निदान तशी आशा होती.

"पण चाचा, सगळं सांगते, नीट ऐका," ती म्हणाली. "तोंडाच्या एका बाजूला औषधाचं जेल जाईल. दुसऱ्या बाजूला तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं. कुठल्या बाजूला कुठलं, ते मला माहीत नसणार, आमच्या सरांनाही नसणार. पुण्यात एक बाई आकडेमोड करतात, त्यांनाच ठाऊक."

"असं कशापायी?"

"दोन्ही बाजूला दिलं तर औषधानं गुण आला का नुसत्या साफसफाईनं, हे कसं कळायचं?"

गफारचाचा हसले. दात दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला, आणि ते क्षमाला फार लागलं. "अर्ध्या तोंडाला तरी मिळंल की," ते म्हणाले. "घे मला."

पप्पांनी तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. आपली पोरगी आहे, ती काय वाईट होऊ देणार आहे?

*

चाचांनी तंबाखू सोडली. साखरेच्या गोळ्या वेळेवर घेऊ लागले. क्षमानं दोन्ही बाजूंची मुळं खरवडून साफ केली आणि दोन्हीकडं जेल सोडलं. सिरिंजा वेगळ्या, एकीवर 'डावी' लिहिलेलं, दुसरीवर 'उजवी'. आतलं पाणी सारखंच दिसत होतं. मग तिनं बजावलं, "आता क्लॅरिनेटला हात लावायचा न्हाय. मी सांगेपर्यंत."

त्यांनी तेही ऐकलं. सगळी लग्नसराई क्लॅरिनेट खोक्यात राहिलं. त्यांचा मुलगा तौफिक कीबोर्डवर क्लॅरिनेटचाच आवाज काढायचा आणि चाचा वरातीच्या मागं मोकळ्या हातानं चालायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, "डाक्टरीणबाईनं मनाई केलीय. आमच्या प्रेमानंदची पोर."

पुढच्या तपासणीला डावी बाजू पाहून क्षमाला आपला आनंद लपवता आला नाही. रक्त थांबलं होतं, हिरडी घट्ट गुलाबी झाली होती, दात हलेना. उजवीकडं फट होती तेवढीच होती. दाबलं की अजून ओल यायची.

चाचांना सांगायची गरजच नव्हती. त्यांची जीभ रोज त्या दोन दातांवरून फिरत होती.

"डावीकडं औषध हाय," ते म्हणाले.

"तसं सांगता येत नाही, चाचा."

"मला येतंय. तोंड माझं हाय."

त्या रात्री पप्पांचा फोन आला. दुसऱ्या डोसाची तारीख जवळ आली होती. "दोन्हीकडं दे की ते चांगलं औषध," ते म्हणाले. "त्या उजव्या दातावर तर त्याचं सगळं हाय."

क्षमा दुसऱ्या दिवशी तिच्या मार्गदर्शकांकडं गेली. डॉक्टर गौरीशंकर स्वामी चिडणारे नव्हते. त्यांनी दोन्ही वेळची मापं शांतपणे पाहिली.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडं औषध आहे, सर. नक्कीच."

"मलाही तसंच वाटतंय. पण आपल्याला वाटतं म्हणून बदललं तर पुढं कुणालाच काही कळणार नाही. उजवी बाजू बिघडत असेल तर त्यांना चाचणीतून बाहेर काढ आणि नेहमीचे उपचार दे. तो हक्क त्यांचा आहे, तू त्यांना स्पष्ट सांग. फक्त मग जेल मिळणार नाही. चाचणीच्या बाहेर ते द्यायला आपल्याला परवानगी नाही."

"म्हणजे औषधाची आशा धरायची तर अर्ध्या तोंडानं बसायचं?"

"हो," सर म्हणाले, आणि त्यांनी नजर खाली घातली.

तिनं चाचांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाहेर पडत नाही. दुसऱ्या डोसाला ते आले तेव्हा पप्पा बाहेर बाकावर बसले. आत दोघंच. ट्रेमध्ये दोन सिरिंजा होत्या, थंड, वर बारीक दव जमलेलं. चाचांनी मान वर करून त्या वाचल्या. मराठी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. 'डावी' आणि 'उजवी' वाचायला त्यांना काय लागणार?

"क्षमा," ते म्हणाले. तिला ते नेहमी बाळा म्हणायचे. "उलटं कर. डाव्या बाजूचं उजवीकडं टाक. डावीकडं आता गरज न्हाय. कुणाला काय कळणार हाय?"

"मला कळंल, चाचा."

"तुला कळू दे की. तू काय परकी हायस?"

तिनं डावी सिरिंज उचलली होती. उजवीकडं न्यायची तर मनगट जरासं वळवायचं, एवढंच काम. सरांना कळलं नसतं. पुण्याच्या बाईंना कळलं नसतं. बाहेर पप्पा बसले होते, ते तर आशीर्वादच देत होते. आणि तिची पक्की खात्री होती की हातात आहे तेच औषध आहे, ह्याच माणसाला हवं असलेलं, त्याच्या ओठापासून चार बोटांवर.

"नाही जमणार," ती म्हणाली.

चाचांनी तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले. डावीकडचं डावीकडं गेलं, उजवीकडचं उजवीकडं. ते उठले, गुळणी केली नाही, कारण गुळणी करायची नाही हे त्यांना पाठ होतं. जाताना त्यांनी नेहमीसारखा तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

*

पावसाळा संपता संपता उजव्या दाताखाली गळू झालं. वरचा ओठ सुजून नाकाला लागला. हमिदाबी चाचीनं घाबरून प्रेमानंदला बोलावलं, आणि ते तिघं सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले क्षमाला दिसले.

दात ठेवण्यात अर्थ नव्हता. भूल दिली खरी, पण काढायला जोर लागलाच नाही. दात नुसता उचलल्यासारखा निघाला. मुळाभोवती हाड म्हणून काही उरलंच नव्हतं. क्षमानं तो ट्रेमध्ये ठेवला, तेव्हा त्याचा बारीकसा आवाज झाला. हमिदाबी दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडात धरला.

"डोळ्यांदेखत गेला," पप्पा बाहेर आल्यावर म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "औषध हातात व्हतं तुझ्या. तुझ्या पुस्तकापायी माणसाचा दात घालवलास."

"पप्पा, असं नसतं ते."

"कसं असतं मग? तू झालीस तवा तुझ्या आईला दवाखान्यात न्यायला गाडी कुणी आणली व्हती? मला सांग, तुझ्या सरांनी का ह्यानं?"

पप्पा गफारचाचांचा हात धरून बसस्टँडकडं निघाले. चाचांनी तोंडात कापूस दाबून धरला होता. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

नंतर पप्पांचे फोन येईनासे झाले. आई फोन करायची आणि इकडचं तिकडचं बोलायची. तिच्या बोलण्यातूनच क्षमाला कळायचं ते कळायचं. चाचांनी नकली दात लावून वाजवायला घेतलं, पण दात सरकतो, हवा फुसकन जाते आणि वरच्या पट्टीतला सूर फुटतो. जयंतीच्या बैठकीला ते आलेच नाहीत. प्रेमानंदनंही ताशा खाली ठेवला आणि मंडळानं डीजेची सुपारी दिली.

चाचणी पुरी व्हायला शेवटचा एक्स-रे राहिला होता. क्षमाला वाटलं, चाचा येणार नाहीत, आणि तिला बोलवायची लाजही वाटत होती. तरी ते ठरल्या दिवशी आले, एकटेच.

"शब्द दिला व्हता," एवढंच म्हणाले.

तिनं एक्स-रे काढला. डावीकडचं हाड किंचित वाढलेलं दिसत होतं. ते बघून तिला काहीच वाटलं नाही.

*

सगळ्या रुग्णांचे आकडे पूर्ण झाले आणि पुण्याच्या बाईंनी कोणत्या बाजूला काय होतं ते उघड केलं. स्वामी सरांनी क्षमाला खोलीत बोलावलं. ते खुशीत होते. जेल चाललं होतं. औषधाच्या बाजूला बहुतेकांचं हाड सुधारलं होतं, साध्या जेलच्या बाजूला त्याहून बरंच कमी. मोठ्या चाचणीला हरकत नव्हती.

"आणि गफार शेख?" क्षमानं विचारलं.

सरांनी पडदा तिच्याकडं वळवला.

औषध उजवीकडं होतं.

जो दात गेला, त्यालाच दोन्ही वेळा औषध मिळालं होतं. डावीकडं नुसतं रिकामं जेल गेलं होतं. ती बाजू सुधारली ती खरवडून साफ केल्यानं, तंबाखू सुटल्यानं, साखर आटोक्यात आल्यानं. उजवीकडं वाद्याच्या वजनानं हाड इतकं झिजलं होतं, की औषधाला धरायला जागाच उरली नव्हती.

"तू त्या दिवशी ऐकलं असतंस तर चुकीचंच झालं असतं," सर म्हणाले. चाचांचं मागणं तिनं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं; आता त्यांना तिला धीर द्यायचा होता. "मन हलकं कर आता."

पण मन हलकं होईना. रविवारी ती बेंबळीला गेली, आणि घरी न थांबता आधी पप्पांना घेऊन चाचांकडं गेली. वाटेत तिनं पप्पांना सांगितलं. पप्पा रस्त्यातच उभे राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"बघ! म्हंजी तू बरोबर व्हतीस! म्या उगंच... आता सांगतो सगळ्यांना. गावात तोंडं लई सुटलीत."

"कुणाला सांगू नका, पप्पा."

"का?"

ती पुढं चालू लागली.

चाचा ओसरीवर बसले होते. तौफिक कीबोर्डची वायर दुरुस्त करत होता. हमिदाबीनं चहा टाकला. क्षमानं जे होतं ते सरळ सांगितलं. चाचा ऐकताना जीभ रिकाम्या जागेवर फिरवत होते, ते गालावरून दिसत होतं.

"म्हंजी मला औषध मिळालं व्हतं," ते शेवटी म्हणाले. "पाहिजे त्याच दाताला."

"व्हय."

"आन् तू माझं ऐकलं असतंस, तर त्याचं काढून ह्या चांगल्याला दिलं असतंस."

"व्हय, चाचा."

"बघ की!" पप्पा मधेच म्हणाले. "पोरीनं वाचवलं तुला. आपणच येड्यासारखं..."

"थांब रे जरा." चाचांनी हात वर केला. ते क्षमाकडं बघत होते. "तुला तवा काय वाटत व्हतं? खरं सांग. डावी सुई हातात धरली व्हतीस तवा. कशात औषध हाय असं वाटत व्हतं तुला?"

हाच प्रश्न होता. निकाल कळल्यावर सरांनी तो विचारला नव्हता. पप्पांना तो सुचलाही नव्हता. क्षमा मात्र गाडीत बसल्यापासून तोच उरावर घेऊन आली होती.

"डावीत," ती म्हणाली. "माझी खात्री व्हती."

"आन् तरी दिलं न्हाईस."

"न्हाय दिलं."

चहा उतू गेल्याचा वास आला आणि हमिदाबी लगबगीनं आत गेली. पप्पा खाली बघत होते. मघाशी रस्त्यात उजळलेला त्यांचा चेहरा आता म्हातारा दिसत होता. क्षमाला वाटलं, आता चाचा म्हणतील, जा. ते म्हणाले असते तर ती गेली असती.

"माझ्यावानी किती जण व्हते ह्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"व्हते बरेच. बहुतेकांना गुण आला, चाचा. ज्यांचं हाड थोडं तरी शिल्लक व्हतं, त्यांना आला."

"लवकर आलो असतो तर मलाबी आला असता?"

"आला असता असं वाटतं. पण मला जे वाटतं त्याचं आता मी काही सांगत न्हाय."

चाचांच्या तोंडून हसल्यासारखा आवाज निघाला, पण तो लगेच विरला. मग त्यांनी तौफिककडं हनुवटी उडवली. "ह्याच्या हिरड्यांतून ब्रश करताना रगत येतंय. हमिदा सांगत व्हती. दाखवायचा व्हता कुणाला तरी."

"कुणालाही दाखवा," क्षमा म्हणाली. "धाराशिवात चांगले डॉक्टर हायत. मी नावं सांगते."

"तूच बघ." ते उठले आणि धोतराचा सोगा झटकला. "पर त्याच्या तोंडाचे दोन भाग करू नगंस."

ते आत निघून गेले. चहा झाला, पण चाचा बाहेर आले नाहीत. परतताना पप्पा म्हणाले, "तू त्याला खोटं सांगायचं व्हतंस. माहीत नव्हतं म्हणायचं. काय बिघडलं असतं?" त्यात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. क्षमा म्हणाली, "मग ते खोटं जन्मभर सांभाळत बसले असते." घर येईपर्यंत पप्पा तिच्या बरोबरीनं चालत होते.

तौफिक आठवड्याभरानं आला. तिनं एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, नुसती हिरडी सुजली होती. साफ केलं की भागणार होतं.

"ते जेल?" त्यानं विचारलं.

"तुला गरज न्हाय."

तो जरा घुटमळला. "अब्बा परत वाजवायलेत," तो म्हणाला. "घरामागं, शेळ्यांच्या गोठ्यात. वरचा ओठपण मुडपतात आता, दाताच्या आत. तोंडी दाताला लागूच देत न्हायत. ओठ फाटलाय, रगत येतंय, तरी ऐकत न्हायत. सूर लई खालचा लागतोय. वर चढत न्हाय."

"कोण असतं जवळ?"

"प्रेमानंदकाका बसतात कधी कधी. ताशा न्हाय आणत. नुसतं मांडीवर बोटं मारतात."

क्षमा हातमोजे घालता घालता थांबली. डावीकडचा दात आता एकटाच होता. त्याच्यावर भार आला तर त्याचंही हाड जाईल. ओठानं भार झेलला तर कदाचित टिकेलही. तिला माहीत नव्हतं. ह्यावर कुणी चाचणी केलेली नव्हती.

"थांबवू का त्यांना?" तौफिकनं विचारलं.

"नको," ती म्हणाली. मग घाईनं, "पण एक्स-रेला यायला सांग. महिन्या-दोन महिन्यांनी तरी. माझ्याकडं यायचं नसेल तर दुसरीकडं काढू दे."

"सांगतो. पर ते ऐकतील का, न्हाय सांगता येत."

"सांग तरी."

त्यानं मान डोलावली, डोकं मागं टेकवलं आणि तोंड उघडलं.